बंपर गेला, आई राहिल्या

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या शिंपीकाकांनी पेपर उघडला होता, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे लागले होते.

“तू मला भर रस्त्यात टाकून गेलीस.”

“टाकून कसली? क्लच तुटला, गाडी बंद पडली, तुम्ही ढकलायला उतरलात. आणि तेवढ्यात ती सुरू झाली.”

“मग थांबायचं!”

“थांबले असते तर परत बंद पडली असती. मागे आई छाती धरून बसलेल्या, कण्हायच्याही थांबल्या होत्या. थांबू कशाला, तुमचं तोंड बघायला?”

“मी हाका मारत धावत होतो.”

“आरशात दिसलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हाला धावताना बघितलं.”

“क्लचशिवाय गाडी चालते, हे सांगितलं कुणी तुला?”

“तुम्हीच. पहिला गिअर टाकायचा, किल्ली फिरवायची. बारा वर्षं फुशारकी ऐकतेय. म्हटलं, खरं की खोटं बघू तरी.”

“आणि दवाखान्यापाशी थांबवलीस कशी?”

“ब्रेक दाबला. जराशी भिंतीला टेकली.”

“जराशी? बंपर डिकीत घालून आणलाय मी!”

“बंपर गेला, आई राहिल्या. उलटं हवं होतं का?”

शिंपीकाकांनी पेपर तोंडावर ओढला.

मग नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

“आईनं… माझ्याबद्दल काही विचारलं?”

“शुद्धीवर आल्या आल्या.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ‘तो बरोबर नव्हता ना? तरीच वेळेत पोचलो.’”