जॅक घरी राहिला

—अहो आडवा नका धरू, आडवा नका धरू, डॉक्टरसाहेब, तेल गळेल पँटवर, आणि हे तेल धुतलं तरी जात नाही, माझी बायको क्लेमेंटीन होती तोवर रोज ओरडायची. द्या इकडे. बसा. त्या स्टुलावर नको — ते प्लासिडचं, चार वाजता येईल तो चहाला, रोज येतो, लुना लावणार, रुमालाने स्टूल झटकणार, मग बसणार — तुम्ही ह्या पेटीवर बसा. काय म्हणत होता? हा टाकून देऊन छोटा स्क्रूचा जॅक घेऊ? घ्या की! मग तिकडे जव्हारच्या कुठल्या पाड्यावर बाई अडलेली असेल, तुमची जीप चिखलात एक्सलपर्यंत, आणि तुम्ही ते खेळणं फिरवत बसा. पोर बाहेर येईल, जीप नाही यायची. राग नका मानू हं. डांबरी रस्त्यावर टायर बदलायला तो ठीक आहे. पण तुमची जीप रस्ता सोडून जाते ना? मग हाच पाहिजे, तेलाचा, पाच टनी. ह्याला काही झालेलं नाही, आतलं वायसर गेलंय, म्हणून चढवला की आपोआप उतरतो. चामड्याचं वायसर घालतो, अर्ध्या तासाचं काम. पण मळ केवढा हो! किती वर्षांत कोणी फडकं नाही लावलं ह्याला? थांबा, रॉकेल घेतो.

बोळिंजला सासुरवाडी का? मग आपलेच तुम्ही. एक सांगतो, ऐकून ठेवा, नुसता जॅक असून भागत नाही, खाली फळी पाहिजे. रेतीत नुसता लावलात तर जीप वर जात नाही, जॅक खाली जातो. सागाची फळी, दीड फुटाची. आमची सांडोरची माणसं काय करतात माहीत आहे? केळीच्या वाड्या ना सगळ्यांच्या, हाताला येतं तेच — केळीचा खांब तोडतात आणि जॅकच्या खाली सारतात! दिसायला मांडीएवढा, आत सगळं पाणी. पचकन बसतो आणि गाडी येते अंगावर. हसू नका, मीही लावलाय एकदा, ही करंगळी बघा — आहे का सरळ? तर आधी बाकीच्या चाकांना दगड, मग फळी, मग जॅक, आणि चाक उचललं की त्याच्याखाली झावळ्या, फांद्या, काय मिळेल ते कोंबायचं, जॅक सोडायचा, आणि फर्स्टमध्ये हळू — लुगडं काट्यातून सोडवतात तसं. पण हे सगळं कधी? जॅक जीपमध्ये असेल तर! निघताना सीटखालच्या पेटीत हात घालून बघायचं. डोळ्यांनी नाही, हात लावून. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. का सांगतो? मी विसरलो होतो म्हणून.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. माझी आणि प्लासिडची भागीत जीप होती, मिलिटरीच्या लिलावातली, माझी पोरगी रोझलिन झाली त्या वर्षी घेतलेली, दहा वर्षं चालवलेली. प्लासिड म्हणजे माझा कुपार — माझ्या रोझलिनच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर धरलं, तो तिचा बाप्तिस्म्याचा बाप, म्हणून आम्ही दोघं एकमेकांचे कुपार. सख्खा भाऊ लांबचा वाटावा असं. अर्नाळ्याला किनाऱ्यावर जीप न्यायची, होड्यांमधून मासळीच्या पाट्या घ्यायच्या, विरारला पोचवायच्या. बैलगाडी दोन फेऱ्या करायची तिथे आम्ही सात. एक दिवस दुपारी, प्लासिड चालवत होता, खाडीच्या तोंडाशी मागची चाकं बसली. भरतीची वेळ. मी म्हटलं घाबरायचं काय, जॅक आहे. पेटी उघडली — जॅक नाही. प्लासिड म्हणाला, अरे कुपारा, काल रात्री साफ करायला काढलास ना ओट्यावर? घरी राहिला. खरंच काढला होता हो! पण ठेवला होता असं वाटत होतं... तो म्हणाला, तू पळ, आगाशीला कोणाकडून तरी आण, मी थांबतो जीपजवळ. पळालो. अनवाणी पळालो, चप्पल रेतीत राहिली. एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून त्याचा जॅक खांद्यावर मारला आणि परत पळालो — दीड तास, जास्तच — येऊन बघतो तर सगळं पाणी. प्लासिड सुरूच्या झाडाखाली बसलेला, कमरेपर्यंत भिजलेला, रडत होता. गेली रे कुपारा, म्हणाला. समुद्राने ओढली.

ओहोटीला गेलो की, नाही कसा! काही नाही. एक नटसुद्धा नाही. घरी ओट्यावर जॅकही नव्हता; प्लासिड म्हणाला, उघड्यावर राहिला, कोणीतरी उचलला असेल. खाडीच्या तोंडाची रेती वाईट, होड्या गिळते, सगळे हेच म्हणाले. एक पुतळाबाई तेवढी, मासळी विकायची, ती म्हणाली, अरे पानी जीप गिलत नाय रे बाबा, पानी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला टाकतं. मी म्हटलं तू गप बस. आणि क्लेमेंटीन! ती तर पहिल्या दिवसापासून — अहो, तुम्ही जॅक पेटीत ठेवलावत, मी दिवा धरून उभी होते. मी तिच्यावर ओरडायचो. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेस म्हणायचो. एकदा तर जेवणाचं ताट... जाऊ दे. आणि प्लासिड? एक शब्द नाही बोलला मला! जीप त्याचीही होती ना अर्धी? चर्चबाहेर सगळ्या गावासमोर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, माणूस आहे, विसरतो, माझ्या कुपाराला कोणी काही बोलायचं नाही. पुढे सासऱ्याने त्याला ट्रक घेऊन दिला, त्याचं बरं झालं, तरी मला विसरला नाही. ही शेड त्याच्याच जागेत आहे. भाड्याचं नाव नाही. म्हणाला, तुझे हात चांगले आहेत, जॅक दुरुस्त कर. असा माणूस. येत्या रविवारी रोझलिनचं लग्न आहे — क्लेमेंटीन नाही ना आता, दोन वर्षं झाली — तर नवरी चर्चला निघेल तेव्हा एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तो. मीच म्हटलं त्याला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

हे बूड बघा कसं निघालं आता, चकाचक. इथे काहीतरी कोरलंय वाटतं, छिन्नीनं... थांबा. जरा उजेडात...

डॉक्टरसाहेब, हा जॅक कुठे मिळाला तुम्हाला? जीपबरोबर. जीपबरोबर म्हणजे? पेटीत. सीटखालच्या पेटीत होता. आणि जीप? जव्हारला, लाकडाच्या ठेकेदाराकडून. त्याच्याकडे किती वर्षं होती? आठ-नऊ.

नाही, काही नाही. पाणी नको. जीप बाहेर आहे ना? मी बघून येतो. तुम्ही बसा हो, बसा म्हटलं ना!

...रंग बदललाय. नंबर बदललाय. पुढचे दिवे दुसरे. पण मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ जॅक लावायला जाड पट्टी जोडलेली आहे, बघितलीत कधी? वाकडं वेल्डिंग आहे त्याचं. माझं आहे. तेव्हा शिकत होतो. आणि ह्या बुडाला 'रो' कोरलंय, हे बघा, बोट लावा, लावा हो — रोझलिनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी कोरलं मी, प्लासिड जॅक धरून बसला होता, म्हणाला, बघ, माझ्या पोरीचं नाव नीट काढ.

मला एक सांगा, तुम्ही शिकलेली माणसं. भरतीचं पाणी जव्हारच्या घाटापर्यंत चढतं का?

जॅक पेटीत होता. ठेवला होता मी. निघायच्या आधी त्याने काढून कुठे सीटमागे लपवला असेल, गोणपाटाखाली, मी तिथे कशाला बघतोय! मला आगाशीला पळवला, आणि तोच जॅक लावून, मीच शिकवलेलं सगळं करून — फळी, झावळ्या, फर्स्टमध्ये हळू — आडवाटेने घेऊन गेला, कुठे लपवली, पुढे विकली. आणि ट्रक म्हणे सासऱ्याने दिला! मग परत येऊन पाण्यात बसला असेल कमरेपर्यंत. नऊ वर्षं हो! नऊ वर्षं मी त्या माणसासमोर मान खाली घालून चहा पितोय. बिस्किटं आणतो मी त्याच्यासाठी. आणि ती बिचारी दिवा धरून उभी होती, शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाली, तुम्ही ठेवला होतात हो. मी भिंतीकडे तोंड केलं. आता कोणाला सांगू मी, की तू खरं बोलत होतीस? कबरीवर जाऊन सांगू?

अहो, तुम्ही कशाला उठलात घाबरून? तुमचा काय दोष. जीप तुमची आहे, घेऊन जा, बाया अडतात तिकडे. तो फळीवरचा नवा जॅक घ्या, पाच टनीच आहे, चांगला आहे. हा मी ठेवतो. नाही, पैसे नको. पेटीत ठेवा, आणि हात लावून बघा — बघा माझ्यासमोर.

ऐकलंत? लुना. वेळेचा पक्का आहे. तुम्ही निघा आता. मागच्या बाजूने काढा जीप, त्याला दिसू नका. हा जॅक इथे ठेवतो मी, ह्या स्टुलावर. जा, डॉक्टर. जा म्हटलं ना.

ये कुपारा, ये. चहा सांगितलाय. रुमाल कशाला काढतोस, मीच पुसलंय आज. बस ना. उभा का? स्टुलावर? काही नाही रे, जॅक आहे. घरी राहिला होता ना, तो.