बशीरच्या गाडीचं बॉनेट

मंडळी, बसून घ्या. मागं उभे हायत त्यांनाबी जरा जागा करा. एवढी माणसं आज तासगावात गोळा झाली, ती एका पत्रा ठोकणाऱ्या माणसासाठी. मला बोलायला सांगितलंय खरं, पण माझा हात लेथवर चालतो, माईकवर न्हाई. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी तानाजी. इस्लामपुरात माझं लेथचं दुकान हाय, लोखंड-पितळ कातून यंत्राचे भाग बनवायचं. बशीर माझा दोस्त. आन खरं सांगू? मी जल्मभर त्याच्यावर जळलो. शोकसभेत असं बोलू न्हाई, कळतंय मला. पण गोडगोड बोललो असतो, तर बशीरच म्हणला असता, "ह्यो तान्या न्हवं!"

ही टेबलावर लाल गाडी ठेवलीय बघा. तीन फूट लांब. सगळी धातूची. जुन्या काळातली रेसची गाडी. लांब नाक, तारेच्या आऱ्यांची चाकं, एकाच माणसाला बसायला जागा. आमी दोघं पोरवयात सांगलीत एका गॅरेजात काम शिकत होतो, तिथं भिंतीवर हिचा फोटो होता. बशीर पत्रा ठोकायचा, मी लेथवर. दोघंबी म्हणलो, ही गाडी मी बनवणार. 'आपण' असं कुणीच म्हणलं न्हाई. मी. फक्त मी.

पुढं त्यानं हितं डेंटिंगचं, गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करायचं दुकान टाकलं, मी इस्लामपूरला गेलो. संसार झाले, पोरं मोठी झाली. मग एकदा त्याचा फोन आला. "तान्या, गाडीसाठी पत्रा आणलाय बघ."

मी म्हणलो, "मीबी पितळ आणलंय."

आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन आणलं.

त्यानं बॉडीपासून सुरुवात केली, मी इंजिनापासून. काही महिन्यांनी बघायला आलो. त्यानं फडकं उचललं. ॲल्युमिनियमचा पत्रा, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीनं ठोकलेला. एक ठोका दिसंल तर शपथ! नाकापासनं शेपटापतुर बोट फिरवलं, कुठं अडलं न्हाई. फडकं मीच परत वर टाकलं.

"कशी हाय रं?"

"बरी हाय," म्हणलो. बरी! घरी आलो आन माझ्या गाडीसाठी म्हणून मी ठोकलेला पत्रा बघितला. त्यापेक्षा घमेलं देखणं. तसाच भंगारात टाकला.

मग तो माझ्याकडं आला. मी हातानं क्रँक फिरवला. सहाच्या सहा पिस्टन खाली-वर झाले, इवलेइवले वॉल्व्ह उघडायला लागले. बशीरनं स्वतः क्रँक फिरवून बघितला. चहा आला, प्याला न्हाई. शेवटी म्हणला, "तान्या, आज मला जेवण जाणार न्हाई." मंडळी, मी त्या दिवशी भाकरी जास्त खाल्ली.

सगळे म्हणायचे, जोडा की दोन्ही. शमीमभाभी, तुमीबी म्हणला होता. पण तो म्हणायचा, "तुझं इंजिन माझ्या गाडीत बसव." आन मी म्हणायचो, "माझ्या इंजिनावर तुझा पत्रा चढव." गाडी कुणाची? ह्यावर आमी कितीक वर्षं अडलो. त्याची गाडी पोकळ, माझं इंजिन उघडं.

मग त्याला छातीचं दुखणं लागलं. तवा मात्र मी इंजिन पिशवीत घातलं आन एसटीनं हितं आलो. बसवायला गेलो, तर बॉनेट लागंना. बोटाच्या पेरभर इंजिन वर राहिलं.

बशीर म्हणला, "वरनं थोडं घास."

म्हणलो, "न्हाई घासणार."

त्यानं बॉनेट हातात घेतलं. मग म्हणला, "कात्री दे."

"कशाला?"

"दे रं."

आन त्यानं बॉनेट कापलं. तेच बॉनेट, ज्याच्यावर मी इतकी वर्षं जळलो. दम लागत होता त्याला. चार ठोके मारायचा, टेकायचा. असं करत त्यानं नवा पत्रा ठोकला, फुगवटा काढला, रिव्हेट मारले. हा बघा, हितं. माझ्या इंजिनाला जागा.

म्हणलो, "बशीर, इतकी देखणी वस्तू कापलीस?"

"आता लागतंय न्हवं बॉनेट? मग झालं."

मला वाटलं, आता तरी माझं जळणं संपंल. कशाचं संपतंय! वाढलं. त्याच्या पत्र्यावर जळत होतो, ते चालतं गड्यांनो, कारागिरात तेवढं असतंय. पण आपल्या हातची सगळ्यात चांगली वस्तू दुसऱ्यासाठी कापायची, ती बी असा दम लागलेला असताना? मी धडधाकट, आन मला पेरभर घासवलं न्हाई. हे मन त्यानं कुठून आणलं? मला का न्हाई मिळालं?

लोक गाडी बघायला यायचे. कुणी केली, विचारायचे. बशीर म्हणायचा, "आमी दोघांनी." मी शेजारीच बसलेला. मनात म्हणायचो, हेबी ह्यानंच आधी बोलावं?

परवा भाभी म्हणल्या, "भाईजान, गाडी आता तुमी इस्लामपूरला घेऊन जा."

न्हाई भाभी. न्हेणार न्हाई. तासगावातच ऱ्हाऊ द्या, त्याच्या दुकानात, रस्त्यावरनं दिसंल अशी.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी बोलू नका, फोन बंद करा. त्याआधी मला एवढंच बोलू द्या, सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

बशीर, गाडी तुझी हाय.