मागे कोण उभं होतं

नाही, मे नाही. एप्रिल लिही. दोन हजार बारा, एप्रिलची चार तारीख, बुधवार, इस्टरच्या आधीचा. उन्हाळा सरून पानगळ सुरू झाली होती, नदीकाठचे पॉपलर निम्मे पिवळे पडले होते, आणि दुपारचे तीन वाजले होते. तीन म्हणजे तीनच. अडतीस वर्षं रेल्वेत काढली आहेत मी, वेळ अंदाजानं सांगत नाही.

आणि ऊम म्हणू नकोस. वडीलधाऱ्याला म्हणायचं ते रस्त्यात भेटलीस तर म्हण. इथं नाव घे. योसिआस माल्गास, वय एकोणसत्तर, राहणार दे आर. वर्दीत आहेस म्हणून मीही तुला सार्जंट म्हणतो, नाहीतर माझी नात तुझ्याएवढी आहे. तर सार्जंट, त्या दिवशीचा माझा जबाब तुझ्या फायलीत आहे. काढ तो. त्यात मी म्हटलंय की माझी बायको ड्रिका प्रवासानं थकली होती, म्हणून नदीकाठच्या कॅम्पचा राखणदार डॉल्फ याफ्ता कॅरॅव्हॅनच्या मागे उभा राहून मला हात दाखवत होता. त्यानं 'या, या' केलं म्हणून मी मागं घेतली, आणि ड्रिका मध्ये सापडून नदीत गेली. ते खोटं आहे. डॉल्फ मागे नव्हता. तो पार तिकडं न्हाणीघरांपाशी बंब पेटवत होता. एवढं लिही, मी सही करतो आणि जातो. सोमवारी त्याची तारीख आहे, माणूस तुरुंगात जाईल.

काय?

मग मागे कोण उभं होतं. हं. — कोणी नव्हतं, लिही. — का नाही चालत? — बरोबर आहे. मागे कोणी नसताना योसिआस माल्गासनं कॅरॅव्हॅन मागं घेतली, हे मीही मानलं नसतं.

बरं, ऐक मग. पण हे लिहू नकोस, नुसतं ऐक. आधी बारा वर्षं मी रुळांच्या गँगमध्ये होतो, फावडं आणि पहार. नदीवरच्या पुलावर काम निघालं की खाली तो कॅम्प दिसायचा — गोऱ्यांच्या कॅरॅव्हॅन, चाकांवरच्या पांढऱ्या खोल्या, ओळीनं लावलेल्या, आणि म्हातारे नवरा-बायको खुर्च्या टाकून, पाण्यात गळ सोडून बसलेले. आम्हाला तेव्हा कायद्यानं त्या फाटकातून आत जाता येत नव्हतं. मी कोणाला काही बोललो नाही. बघून ठेवलं. पुढं सव्वीस वर्षं शंटर होतो. यार्डात उभं राहून इंजिनवाल्याला हात दाखवायचा — ये, हळू, थांब. तो मागं बघत नाही, तो माझा हात बघतो. आणि नियम एकच. हात दिसेनासा झाला की थांबायचं. का दिसेना, कुठं गेला, हा विचार नंतर. आधी थांबायचं. सव्वीस वर्षांत माझ्या यार्डात एकाही माणसाचं बोटसुद्धा चेपलं नाही. हे लिहिलंस तरी चालेल.

रिटायर झालो, जुनी कॅरॅव्हॅन घेतली आणि त्याच कॅम्पात गेलो. चौदा नंबरची जागा, पाणी चार पावलांवर. दहा वर्षं, दर इस्टरला, तीच जागा. पिकअप मी चालवायचो, ड्रिका मागे उभी राहून हात दाखवायची. मीच शिकवलेलं — पहिल्या वर्षी तर भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन दाखवायची. पण एका खेपेत लावायचो आम्ही. बाकीचे तीन-तीनदा पुढं-मागं करायचे, बायकोवर खेकसायचे, आणि आम्ही — एकदा. लोक खुर्च्या आमच्याकडं वळवून बघायचे. डॉल्फ म्हणायचा, 'ऊम योस, कॅरॅव्हॅन लावताय का तान्ह्याला पाळण्यात निजवताय?' मी म्हणायचो, 'तू तुझा बंब बघ. सकाळीच घेतलीस का रे?' तर म्हणायचा, 'आजची नाही हो ऊम, ही कालचीच आहे, उतरायची राहिलीय.' — हसू नकोस, सार्जंट. त्या वासावरच तुम्ही लोकांनी त्याला धरलं.

मासे तीच जास्त धरायची. मक्याचं पीठ शिजवून, बडीशेप घालून आमिष मळायची, आणि त्यात आणखी काहीतरी घालायची, ते मला कधी सांगितलं नाही. 'हात दाखवायला तू शिकवलंस, घर तू बांधलंस, एवढं एक तरी माझं राहू दे,' म्हणायची. दिवसाला तीन-चार पिवळे मासे, पाच पाच किलोचे. मी दिवसभर बसून एखादा. मला त्याचं काही वाटत नव्हतं — वाटायचं, पण बोललो नाही.

गेल्या वर्षी, अकराच्या इस्टरला, ती सकाळभर काठी धरून बसली आणि एक मासा नाही. मी दोरी ओढून बघितली तर गळच नव्हता. नुसती दोरी पाण्यात सोडून बसली होती, आणि चेहऱ्यावर सगळं ठीक असल्यासारखं. मी गळ बांधून दिला. दुपारी बघतो तर आमिषाचा गोळा खात होती. शेजारच्या तेरा नंबरवरच्या बाईनं बघितलं. मी म्हटलं, चव बघतेय, यंदा बडीशेप जास्त झालीय. सगळे हसले, ड्रिकाही हसली. तेव्हापासून मी खोटं बोलतोय. डॉल्फवर बोललो ते पहिलं नव्हतं.

डॉक्टर? — हो, दाखवलं होतं. किंबर्लीला नेलं होतं, यंदाच्या फेब्रुवारीत. तो म्हणाला, चुलीपाशी एकटीला सोडू नका, पाण्यापाशी सोडू नका, गाड्यांच्या मध्ये सोडू नका. लिहून दिलं त्यानं. मी कागद घडी करून खिशात ठेवला. मुलीला सांगितलं नाही, चर्चमध्ये सांगितलं नाही. लोकांनी येऊन तिच्याशी लहान पोराशी बोलतात तसं बोलायचं, आणि माझ्याकडं बघून मान हलवायची — नको. इस्टर आला तसा गाडीला कॅरॅव्हॅन जोडली. म्हटलं, नदीवर गेली की येईल वळणावर, नदी तिच्या ओळखीची आहे — तू लिहितेयस. मी म्हटलं होतं नुसतं ऐक. — राहू दे. लिहिलंस तर लिहिलंस.

तर तीन वाजता पोचलो. तिला गाडीतच बसवून मी एकटा लावू शकलो असतो. चारदा उतरून बघावं लागलं असतं, एवढंच. डॉल्फला हाक मारता आली असती, पन्नास पावलांवर होता. पण मग त्यानं विचारलं असतं, 'ऊम, ड्रिकामावशीला काय झालं?' — त्याचा स्वभावच तो, तोंड आवरत नाही. आणि तेरा नंबरवरचे दोघं कॉफीचे कप घेऊन बसलेच होते, दरवर्षीचा आमचा खेळ बघायला. त्यांना माझी पिकअप दिसत होती, कॅरॅव्हॅनच्या पलीकडचं दिसत नव्हतं. म्हणून तर माझं खोटं चाललं. मी ड्रिकाला म्हटलं, उतर, हात दाखव. ती उतरली. खूश होती. कामाला लावलं की खूश असायची.

पहिल्यांदा भलत्याच बाजूला उभी राहिली, आरशात दिसेना. मी थांबलो, पुढं घेतली. दुसऱ्यांदा दिसली, पण हात कसा — आगगाडीत बसलेल्या माणसाला निरोप देतात तसा, हसत. पुन्हा पुढं घेतली. तेरा नंबरवरचा ओरडला, 'काय माल्गास, म्हातारा झालास की काय?' त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं. गप्प केलं ते जास्त लागलं. मी काच खाली करून, हळू आवाजात, ड्रिकाला एक शब्द बोललो. कोणता ते तुला सांगणार नाही. चव्वेचाळीस वर्षांत तसा शब्द तिला वापरला नव्हता. ती एकदम ताठ उभी राहिली, हात वर — ये, ये, ये — अगदी यार्डातल्यासारखा. मला वाटलं, बघ, येतंय की सगळं हिला, धाक लागतो एवढंच. मी मागं घेतली.

आणि हात दिसेनासा झाला.

हो, दिसलं मला. आरसा साफ होता, सकाळीच पुसला होता. हात होता आणि मग नव्हता. ब्रेकवर पाय न्यायला किती वेळ लागतो? काहीच नाही. मी नेला नाही. तिसरी खेप होती. आता थांबलो तर चौथी करावी लागेल — हे आलं माझ्या मनात. तिचं नाही आलं. चौथ्या खेपेचं आलं. तेवढ्यात कॅरॅव्हॅन आणखी दोन मीटर गेली, चाक मऊ मातीत रुतलं, आणि मग पाण्याचा आवाज.

नाही! मुद्दाम नाही. तसं लिहिशील तर कागद फाडून टाकीन. — राग होता. राग आला होता, तो लिही. मुद्दाम वेगळं आणि राग वेगळा. चार महिने झाले, मी रोज तो फरक शोधतोय. तू एका ओळीत कसा बसवणार ते तू बघ.

डॉल्फ धावत आला आणि त्यानं बुटांसकट उडी टाकली. त्याला धड पोहता येत नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, नदी भरून चाललेली. खाली लव्हाळ्यात ती अडकली होती, तिथून त्यानं तिला ओढून काढलं, आणि तुमची माणसं येईपर्यंत तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिला. मेलेल्या बाईला. रडत होता आणि श्वास देत होता. मी काठावर उभा. मग तुमच्यातल्या कोणीतरी विचारलं, मागे कोण उभं होतं? ड्रिका, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — तिला तर हात दाखवता येतो, दहा वर्षं दाखवतेय, मग आजच कसं? डॉल्फ तिथं बसलेला, ओला, थरथरत, तोंडाला वास. मी बोट दाखवलं. शब्द नंतर आले. आधी बोट.

त्यानं नाही म्हटलं, हो. महिनाभर म्हणत होता, मी बंबापाशी होतो. कोण ऐकणार? मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, तो पिणारा. त्याची नोकरी गेली, नोकरीबरोबर कॅम्पातली खोली गेली, बायको पोरांना घेऊन आईकडं गेली. मला सगळं कळत होतं. मी माझ्या घरी होतो.

आणि या मंगळवारी तो माझ्या दारात. सव्वाशे किलोमीटर, वाटेत मिळेल त्या ट्रकनं आलेला. टोपी हातात. वास नव्हता, एप्रिलपासून घेतली नाही म्हणाला. मला वाटलं, मारायला आलाय. बरं वाटलं मला. तर म्हणतो, 'ऊम योस, मला नीट आठवतच नाही हो. बंबापाशी होतो असं वाटतं, हातात लाकूड होतं असं वाटतं. पण त्या दिवशी थोडी घेतली होती. आणि तुम्ही खोटं कशाला बोलाल? म्हणजे मीच असणार. सोमवारी कोर्टात मी कबूल करतो. तुम्ही मला माफ करा.'

त्यानं माझी माफी मागितली, सार्जंट.

मी केली. हो, केली! 'केलं माफ, जा,' म्हटलं आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. दाराच्या आत उभा राहिलो तर त्याचा आवाज येत होता, 'देव तुमचं भलं करो, ऊम.' दाराशी बोलत होता. जाईपर्यंत मी हललो नाही. ते मंगळवारी. आज शुक्रवार. मधल्या तीन दिवसांत मी काय केलं ते विचारू नकोस, काही केलं नाही. बसून होतो.

वाच आता. सगळं वाच, हळू. पाचवीपर्यंतच शिकलोय मी, पण ऐकून कळतं. — थांब. 'हात दिसला नाही' असं नाही. 'दिसेनासा झाला.' आधी दिसत होता, ते यायला पाहिजे. — आणि तो 'अपघात' शब्द काढ. मी उच्चारलेला नाही. — डॉक्टरचं आलं? फेब्रुवारी आलं? — राग कुठं आहे? — हं. पुढं.

अंगठा नको, सही येते मला. कुठं? — इथं. आणि इथंही.

पाणी नको. मुलीला फोन नको, तिला मी सांगेन. तुला मला ठेवून घ्यायचं असेल तर ठेव, मी पळणाऱ्यांतला नाही. पण आधी त्या सरकारी वकिलाला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर. मी बसतो.

काय म्हणतो? — सोमवारी तो स्वतः खटला मागं घेणार? — सगळा? त्याचं नाव कुठंच राहणार नाही ना, नीट विचार. — आणि डॉल्फला कोण कळवणार? — आजच? — बरं.

मग फिटलं.