मामांची मूठ

माझे नाव व पत्ता वर लिहिला आहे तो बरोबर आहे. वय एकवीस वर्षे. धंदा – चष्म्याच्या दुकानात नोकरी, शिवाय कॉलेजचे शेवटचे वर्ष चालू. राहण्यास आई-वडिलांसोबत. मामांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी लहानपणापासून सॉफ्टबॉल खेळत आले. हा खेळ मला माझ्या सख्ख्या मामांनी शिकवला. ते आमच्याकडचे जुने अंपायर असून संघटनेत त्यांच्या शब्दाला मान आहे. माझा गुडघा दुखावल्यावर माझे खेळणे बंद झाले, तेव्हा मी घरात तोंड पाडून बसले होते. ‘‘खेळता येत नाही ना, मग खेळव,’’ असे म्हणून मामांनीच मला अंपायरच्या शिबिराला पाठवले. शिबीर एका दिवसाचे होते. त्यातली सकाळ पाहुण्यांच्या भाषणांत गेली. दुपारी नियम वाचून दाखवले व संध्याकाळी सर्वांना प्रमाणपत्र दिले. नापास कोणीच झाले नाही.

त्यानंतर मी लहान मुलींचे काही सराव सामने केले. ते सगळे बेसजवळ उभे राहून. बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीमागे, म्हणजे होम प्लेटमागे, मी एकदाही उभी राहिले नव्हते. मुख्य निर्णय तिथूनच द्यायचा असतो.

गेल्या रविवारी चौदा वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना होता. एक संघ निळ्या कपड्यांचा व एक पिवळ्या. नेमलेल्या अंपायरांपैकी एकाच्या घरी कार्यक्रम निघाला व एकाने फोनच बंद ठेवला. उरलो मामा व मी. आयोजकांनी ‘‘दोघांत भागवून घ्या’’ असे सांगितले. मामा म्हणाले, ‘‘तू प्लेटमागे उभी राहा. माझी कंबर धरलीय, वाकवत नाही.’’ मी म्हणाले, ‘‘मामा, फायनल आहे. मला नको.’’ तर म्हणाले, ‘‘मी आहे ना! अडलं की माझ्या हाताकडे बघ.’’

हवालदारसाहेबांना हा खेळ माहीत नसल्याने त्यांनी विचारल्यावरून सांगते की, बॅटरचे तीन स्ट्राइक झाले, म्हणजे साधारण तीन चेंडू हुकले, की ती आउट होते. पण तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरला झेलता आला नाही, तो मातीत टेकला, तर काही वेळा बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येते. दोन गडी आधीच बाद असतील तर पळता येतेच. चेंडू फार खाली आला की मागच्या अंपायरला कॅचरची पाठ आडवी येते. बाजूच्या अंपायरला मात्र स्वच्छ दिसते. म्हणून आमच्यात खूण ठरलेली असते. बाजूच्याने मूठ छातीशी धरली तर झेल झाला. पंजा जमिनीकडे केला तर चेंडू टेकला. ही खूण मला मामांनीच शिकवली. तोंडावर लावायचा जाळीचा मास्कही त्यांचाच होता, त्याचा पट्टा त्यांनी मागून स्वतः आवळून दिला.

सामन्यात माझ्याकडून चुका झाल्या. दोन वेळा मी स्ट्राइक सांगायला उशीर केला, एकदा आकडा विसरून स्कोअररला विचारला. पालकांपैकी कोणीतरी ओरडले, ‘‘चष्म्याच्या दुकानात आहे म्हणे, एक स्वतःला पण घे!’’ सगळे हसले. मलाही हसू आले, कारण ते तसे बरोबरच होते. तोपर्यंत कोणाचे कोणाशी वाकडे नव्हते.

शेवटच्या डावात निळा संघ एका धावेने मागे होता. दोन गडी बाद होते व त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती. बॅटिंगला एक बारीक, लांब वेणीची मुलगी होती. तिचे दोन स्ट्राइक झाले होते. पुढचा चेंडू एकदम खाली आला, तिने बॅट फिरवली व चेंडू चुकला. मला कॅचरची पाठ दिसली, चेंडू दिसला नाही. मी पहिल्या बेसच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या मामांकडे बघितले. त्यांनी मूठ छातीशी धरली होती. मी बॅटरला आउट दिले व सामना संपला असे सांगितले.

ती मुलगी मात्र पळाली होती. तिसऱ्या बेसवरची मुलगीही होम प्लेटला पोचली होती, म्हणजे बरोबरीची धाव झाली होती. निळ्या संघाचे कोच आत आले व म्हणाले, ‘‘ताई, बॉल खाली पडलाय. धूळ उडालेली दिसली सगळ्यांना. तुमच्या जोडीदाराला विचारा.’’ त्यांचे बोलणे शांत होते. मी मामांकडे गेले. मागून पालक आले. मी विचारायच्या आधीच मामा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘‘मी रनरकडे बघत होतो. मी काही खूण केली नाही. निर्णय प्लेटच्या अंपायरचा आहे.’’

मला वाटले, माझी ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, ‘‘मामा, मूठ?’’ त्यांनी माझ्याकडे न बघता मनगटावरचे घड्याळ सारखे केले.

त्यावर ‘‘विकली गेलीय ही’’ असा गलका झाला. त्या बॅटर मुलीचे वडील पुढे आले. त्यांनी माझ्या हातातला मास्क हिसकावून तोच माझ्या तोंडावर मारला. उजव्या भुवईवर जखम होऊन रक्त आले. निळ्या संघाच्या कोचनी त्यांना धरले. मामा जवळच होते, ते मध्ये पडले नाहीत. कंबर धरली होती म्हणून असेल, असे मला त्या वेळी खरोखर वाटले. ती मुलगी तेव्हाही पहिल्या बेसवरच उभी होती. तिला परत ये असे कोणी सांगितले नव्हते.

दवाखान्यात टाके घालताना मामांनी माझा हात धरून ठेवला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘‘उन्हाची तिरीप आली गं डोळ्यांवर. मला वाटलं, झेलला.’’ मी विचारले, ‘‘मग तिथं का नाही बोललास?’’ ते म्हणाले, ‘‘तू नवीन आहेस. नव्या पोरीला लोक चार दिवस नावं ठेवतात नि विसरतात. माझी इतक्या वर्षांची इज्जत मातीत जाईल.’’ मी म्हणाले, ‘‘आणि माझं?’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘तुझं अजून सुरू तरी कुठं झालंय?’’

डोळ्यांवर ऊन येणे कोणाच्याही बाबतीत होऊ शकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांनी मला प्लेटमागे उभे केले त्यांनीच मला चारचौघांत तोंडघशी पाडले. याला केसाने गळा कापणे म्हणतात, दुसरा शब्द मला सुचत नाही.

त्यानंतर संघटनेची बैठक झाली. मला बोलावले नव्हते, मामा होते. ‘अननुभवी अंपायरची चूक’ असे ठरवून मला यापुढे सामने देऊ नयेत असे ठरले. मामांनी त्याला विरोध केला नाही. मला अनुभव नव्हता हे खरेच आहे. तो नसताना मला तिथे कोणी उभे केले, हे बैठकीत कोणी विचारले नाही.

आज ठाण्यात मला मामांनीच स्कूटरवरून आणले. वाटेत म्हणाले, ‘‘मारहाणीचं सांग. मुठीचा विषय काढू नकोस. ‘माझी चूक झाली’ म्हण नि मोकळी हो.’’ निघताना आईही म्हणाली होती, ‘‘भाऊ आहे माझा, जरा सांभाळून बोल.’’ आईला मी हो म्हटले होते. ते मला पाळता आले नाही.

मास्कने मारणाऱ्या गृहस्थांविरुद्ध माझी तक्रार आहे. मात्र त्यांची मुलगी आउट नव्हती, हेही मी इथे लिहून देते. ती नियमाप्रमाणेच पहिल्या बेसकडे पळाली होती. हे तिला अजून कोणी सांगितले नसेल, तर तिच्या वडिलांचा जबाब घेताना सांगावे.

माझे सांगणे झाल्यावर हवालदारसाहेबांनी मामांना आत बोलावून माझ्यासमोर खुणेबाबत विचारले. मामा म्हणाले, ‘‘पोरगी घाबरलेली होती. तिला भास झाला असेल.’’ नंतर ते बाहेर बाकावर जाऊन बसले. साहेबांनी मला विचारले की, तेवढा भाग गाळायचा का. मी नाही म्हणाले. मग त्यांनी विचारले, ‘‘यांना जबाबात मामा लिहू की बेस अंपायर लिहू?’’ मी सांगितले, मामाच लिहा. दुसरा कोणी अंपायर असता तर मी नुसत्या मुठीवर निर्णय दिला नसता. मला शंका होती. मी जवळ जाऊन तोंडाने विचारले असते, तसाच नियम आहे. मामा होते म्हणून विचारले नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला. वाचताना त्यांनी आवाज खाली ठेवला होता, कारण दार उघडे होते व बाक दाराला लागूनच आहे. मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा, मोठ्याने वाचला. तो मी सांगितला तसाच आहे.