अप्पांनी परतवलेली नोकरी

लेऑफची रडगाणी मला नका सांगू यार, माझी नोकरी तर सासऱ्यांनी घालवली, तीही मिळायच्या आधी!

तेव्हा आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत होतो. कंपनीने नारळ दिला आणि बेकारभत्ता सुरू झाला. चेक घरपोच येत होता, त्यामुळे मी निवांत. आठवड्याला दोन-चार रेझ्युमे पाठवले की ताणून द्यायची. भत्ता संपत आला तेव्हा कुठे झोप उडाली आणि धावाधाव करून एक इंटरव्ह्यू दिला. चांगला झाला.

तेवढ्यात साताऱ्याहून सासरे आले. अप्पांना उगाच काळजी नको म्हणून बायकोने, सुमाने, बेकारीचं सांगितलंच नव्हतं. अप्पांनी भत्त्याच्या चेकच्या पाकिटावरचा सरकारी शिक्का निरखून विचारलं, "दर आठवड्याला सरकार पाठवतं?" मी नुसतं "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आलो, तर अप्पा फोन ठेवून मिशीत हसत होते.

"कोणाचा फोन, अप्पा?"

"कुठल्याशा कंपनीचा. सोमवारपासून या म्हणत होते."

"मग?" दुधाचा गॅलन माझ्या हातातच.

"मग काय! ठणकावून सांगितलं, आमचे जावई गव्हर्न्मेंट सर्व्हिसमध्ये आहेत, तुमच्या प्रायव्हेटमध्ये कशाला मरायला येतील?"

"अहो अप्पा, तो चेक पुढच्या आठवड्यात बंद होतोय!"

अप्पांचा चेहरा उजळला. "सुमे, साखर आण गं! जावईबापू चाळिशीच्या आत पेन्शनीत निघाले!"