धोरणातला समुद्र

…नाही, पण समुद्र काढायचा राहिलाच कसा, हे मला विचारू नका! मी बेलग्रेडच्या सरकारी खात्यातला साधा कारकून, स्वेतोझार. तुम्हाला सांगतो, युरोपियन युनियनमध्ये शिरायचं तर वाटाघाटींचे पस्तीस अध्याय, त्यातला विसावा उद्योगांचा, आणि तो नुसता उघडायचा म्हटलं तरी म्हणे आधी देशाचं औद्योगिक धोरण लिहून दाखवा! अहो, धोरण असतं तर यांच्या दारात कशाला उभे राहिलो असतो? पण नाही… युरोपात जायचंय ना आपल्याला!

तर आमच्या वुकोसावाबाई, म्हणजे माझ्या साहेब, म्हणतात कशा, "स्वेतोझार, डोकं चालव जरा. शेजारचे क्रोएशियावाले गेले ना आत? त्यांचं धोरण चाललंच की. भाषा तीच… त्यांच्यासमोर म्हणायचं नाही, पण तीच! आपली लिपी घाल, देशाचं नाव बदल, झालं." म्हटलं, "बाई, ही तर कॉपी!" तर म्हणतात, "कॉपी कसली? याला प्रादेशिक सहकार्य म्हणतात." घ्या! बसलो. दीडशे पानं! नावं बदलली, नद्या बदलल्या, डोंगरसुद्धा बदलले हो… आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर बंदरं, गोद्या, जहाजबांधणी, सगळं जसंच्या तसं! आमच्या सर्बियाला समुद्राचा थेंब नाही!

एकच पान आमचं आम्ही लिहायचं होतं. सरकारच्या पैशावर तगलेले कारखाने, ज्यांना यापुढे छदामही मिळणार नाही, त्यांची यादी. त्यात सतरावं नाव आमच्या गावच्या बॉयलर कारखान्याचं. माझा धाकटा भाऊ रादिशा तिथं वेल्डर, एकवीस वर्षं! तुम्ही म्हणाल, वगळायचं होतंस. वगळलं ना! खोटं कशाला बोलू? वुकोसावाबाईंनी पेनानं परत लिहिलं. "भाऊ सगळ्यांनाच असतात रे," म्हणाल्या. टाईप केलं. या हातांनी.

मग धोरण तपासायला ब्रसेल्सहून युनियनच्या अधिकारी मारिटबाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एकेक पान उलटतायत, चौऱ्याहत्तरावं आलं… बाईंनी वाचलं, मान डोलावली, "महत्त्वाकांक्षी आहे!" आणि पान उलटलं. सुटलो म्हणतोय तोच त्या कारखान्यांच्या यादीवर, सतराव्या नावावर बोट! "हा अजून चालू कसा? कधी बंद करताय?" म्हणजे बघा, समुद्र चालतो, रादिशा चालत नाही! वुकोसावाबाई लगेच, "ऑक्टोबरमध्ये, मॅडम." मी? मी कॉफी ओतत होतो. युरोपात जायचंय ना आपल्याला!

नोव्हेंबरात आमच्या कुळाच्या संताचा सण, म्हणून गावी गेलो. कारखाना बंद, दोनशे बारा कामगार बेकार होऊन घरी बसलेले, त्यातलाच आमचा रादिशा, समोर राकिया, आमची फळांची दारू, भरलेली, पेला उचलेना. म्हणतो, "दादा, तू लिहिणारा माणूस. आमचं पुढं काय लिहिलंयस?" म्हटलं, "आहेत ना नवी कामं… जहाजबांधणीत." हसला हो! मग आई रडायला लागली, आणि मी ताटातल्या सार्मा, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या वळकट्या, मोजत बसलो, मान वर करायची लाज वाटत होती मला.

आणि नाताळाआधी गेला की तो! कुठं? क्रोएशियात, रिएकाच्या गोदीत, खऱ्या जहाजांवर! आम्ही इतकी वर्षं वाटाघाटी करतोय, आणि हा पठ्ठ्या कामाचा एक परवाना आणि एक बसचं तिकीट घेऊन थेट युरोपात. त्याच्यामागून कारखान्यातले सव्वाशे गेले. कोणी स्लोव्हेनिया, कोणी जर्मनी… गावातल्या बेकरीवाल्यानं दुपारची भट्टी बंद केली, खाणार कोण?

परवा युनियनचा वार्षिक अहवाल आला. उद्योगाच्या अध्यायात "काही प्रगती", कारण काय, तर आमच्या जिल्ह्यात बेरोजगारी घटली! आकडा कोणी पाठवला होता? मीच! वुकोसावाबाईंनी पेढे वाटावेत तसा केक वाटला. न राहवून मी आईला फोन करून ती ओळ वाचून दाखवली. आई म्हणाली, "बरं झालं हो. आता त्या युरोपवाल्यांना विचार, रादिशाच्या जागी लाकडं फोडायला कुणाला पाठवतायत?"

शनिवारी मीच जातोय. कुऱ्हाड धड धरता येत नाही मला… पण गावात दुसरं उरलंय कोण?