चॉकलेटच्या दुकानातली संकष्टी

सलिल : ...आणि आई, तो पांढऱ्या टोपीतला म्हातारा दिसतोय ना, तो मालक. साठ वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडहून आला. सिडनीचे लोक दीड तास गाडी हाकत इथे बाउरलला येतात, फक्त ह्याच्या हातचे ट्रफल खायला.

आई : हो का? छान आहे हो, सलिलराव. नुसतं बघूनच पोट भरलं.

चिन्मयी : बघून कसलं भरतंय? बशीला हात लावला नाहीयेस तू. अंडं नाही ना, हे विचारून मागवलंय. घे.

आई : घेते गं. राहू दे तिथे.

सलिल : साखरेचं टेन्शन नका घेऊ, आई. एक खाल्लं तर काही होत नाही. दोन खाल्ले तर डॉक्टरांना सांगायचं नाही, एवढंच.

चिन्मयी : सलिल, गुंगालिनच्या घरून निघाल्यापासून तू नुसता बोलतोयस. पाच मिनिटं गप्प बसशील, प्लीज?

सलिल : ओके. नो वरीज.

चिन्मयी : आई, तुला घाम आलाय?

आई : उकडतंय जरा.

चिन्मयी : बाहेर सात डिग्री आहे! हात दे बघू. अगं, थंडगार पडलाय. थरथरतोय.

आई : उर्वी, तो पंखा लाव गं.

चिन्मयी : आई, मी चिन्मयी. उर्वीताई पुण्यात आहे. माझ्याकडे बघ. आई! सलिल, तिच्या पर्समध्ये शुगरचं मीटर आहे, काढ. पटकन!

सलिल : बोट द्या, आई. झालं, झालं. थांब, दाखवतंय... बावन्न. साखर पार उतरलीय, चिनू.

चिन्मयी : देवा. सकाळची गोळी घेतलीस ना तू?

आई : घेतली की. तूच समोर उभी राहून घ्यायला लावलीस.

चिन्मयी : आणि पोहे?

आई : तू आंघोळीला गेलीस, तेव्हा परत कढईत टाकले.

चिन्मयी : का?

आई : संकष्टी आहे आज.

चिन्मयी : संकष्टीला तू साबुदाणा खातेस, केळं खातेस. दूध पितेस!

आई : ही तसली नाही. ही बोललेली आहे. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

सलिल : हा घ्या ऑरेंज ज्यूस. चिनू, चॉकलेट नको देऊस, त्याने साखर हळू चढते. आई, हा प्या आधी. सगळा.

आई : नको. बाजूला करा तो ग्लास.

चिन्मयी : आई, तू इथे कोसळलीस तर मी काय करू? ॲम्ब्युलन्स कुठून येईल तेही मला माहीत नाही. बाबांच्या वेळी मी विमानात होते. आता समोर बसून बघू का?

आई : ओरडू नकोस. पोटावर ताण येतो.

चिन्मयी : कशासाठी बोललीस हे?

आई : विचारतेस काय? त्या दिवशी ती मुलगी तुझ्या पोटावर मशीन फिरवत होती. चांगली हसत होती, हे डोकं, हा पाय. हृदयापाशी आली आणि गप्पच झाली. मी बघत होते ना तिचं तोंड. मग म्हणे, सिडनीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्याच रात्री बोलले मी. पाच संकष्ट्या, कडक. ही पहिली.

चिन्मयी : आम्हाला सांगायचंस तरी.

आई : तुम्ही करू दिली असती? उद्या नऊ वाजता त्या डॉक्टरीणबाई बघणार. आज मी मोडली आणि उद्या त्यांनी काही वाईट सांगितलं, तर? जन्मभर मला हा एक घोट आठवेल, चिन्मयी.

चिन्मयी : ठीक आहे. मग मीही काही खात नाही. बस तू.

आई : वेडी आहेस का? पोटुशी बाई उपाशी राहते?

चिन्मयी : ॲम्ब्युलन्ससाठी ट्रिपल झिरोला फोन करते मी, सलिल.

सलिल : कर. पण एक मिनिट. आई, हा उपास मी धरतो.

चिन्मयी : आत्ता जोक नको रे!

सलिल : जोक नाही. आई, तुम्हीच सांगितलं होतंत, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचे सोमवार काकूंनी धरले होते. घरातल्या माणसाने धरला तर चालतो.

आई : अर्धा दिवस संपला. तुमचं खाणं झालंय सकाळी.

सलिल : नाही झालं. माझे पोहे कचऱ्याच्या बिनमध्ये गेले. काल रात्रीपासून घशाखाली काही उतरतच नाहीये. ही माझी बशी बघा. बडबडच करतोय नुसता.

चिन्मयी : सलिल...

आई : पाण्याशिवाय काहीच नाही?

सलिल : काळी कॉफी. दोनदा.

आई : तुम्ही तर देव मानत नाही.

सलिल : मला भीती वाटतेय, आई. खूप वाटतेय. हात जोडता येतील की नाही माहीत नाही, पण उपाशी राहणं तर आपोआप जमतंय. फक्त एक सांगा, जावई घरातला धरतात की पाहुणा?

आई : तो पाण्याचा ग्लास द्या इकडे.

चिन्मयी : आई, ज्यूस पी आधी!

आई : असा तोंडाने नाही देता येत उपास. उजवा हात पुढे करा, सलिलराव. पाणी सोडते त्यावर. अगं, हात धर माझा, सांडतंय सगळं.

चिन्मयी : धरलाय. सोड.

आई : म्हणा, ह्यांचा उपास मी घेतला. चंद्र दिसेपर्यंत.

सलिल : ह्यांचा उपास मी घेतला. चंद्र दिसेपर्यंत. प्या आता.

आई : पिते.

चिन्मयी : अजून. संपव सगळा. सलिल, एक चीज टोस्ट पण सांग, नुसत्या ज्यूसने परत उतरेल. तो म्हातारा बघतोय बघ इकडे, घाबरलाय बिचारा.

(पंधरा मिनिटांनंतर.)

सलिल : चौऱ्याण्णव.

चिन्मयी : परत बघ.

सलिल : चौऱ्याण्णवच आहे, चिनू. रडू नकोस.

चिन्मयी : आई, मी कोण?

आई : चिन्मयी. कोण म्हणजे काय? टोस्ट बरा आहे हो ह्याचा. आणि सलिलराव, ती तुमची बशी बांधून घेऊ नका. त्यात अंडं आहे, त्याने नाही सोडायचा.

सलिल : मग कशाने सोडू?

आई : गाडीत स्टीलचा डबा आहे. पहाटे उठून मोदक केलेत. पाचच आहेत, सगळे तुमचे.

सलिल : चंद्र किती वाजता?

आई : पावणेनऊला.

सलिल : सिडनीला ढग दाखवतायत आज.

आई : मग वाट बघायची. मी बसते सोबत.

सलिल : हं. निघू या? चंद्राला चार तास आहेत, तोवर सिडनीत पार्किंगसुद्धा मिळेल...

चिन्मयी : किल्ली दे इकडे.

सलिल : अगं, नको. स्कॅननंतर तुला...

चिन्मयी : स्कॅनपासून किल्लीला हात लावू दिला नाहीयेस तू मला. दे. उपाशी माणसाने गाडी चालवायची नसते.